शेवट तुम्हाला माहीत होता

“कुमुदला ती कादंबरी जवळजवळ पाठ होती,” विजयाकाकू सिंकपाशी कुणाला तरी सांगत होत्या. “हॉस्टेलमध्ये शेवटची पानं वाचली आणि दोन दिवस मेसमध्ये जेवायला आली नाही. ते बहीणभाऊ पुरात बुडतात ना, दोघंही.”

मावशी, मी तुमच्या फ्रिजला टेकून उभी होते. हातात कागदी प्लेट आणि तिच्यात कुणीतरी करून आणलेली इडली. तुम्हाला जाऊन सहा दिवस झाले होते. रविवारी सकाळी सगळे तुमच्या घरी जमले होते. बाहेरच्या खोलीत तुमच्या हॉस्पिटलमधल्या दोन निवृत्त नर्सेस, महाराष्ट्र मंडळातली माणसं आणि माझा नवरा निखिल. स्वयंपाकघरात विजयाकाकू. नागपूरला मेडिकलला असताना त्या तुमच्याच खोलीत राहायच्या, म्हणून त्यांना खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. ते वाक्य ऐकलं आणि मी हातातला घास परत प्लेटमध्ये ठेवला.

कारण ती कादंबरी तुम्ही कधीच वाचली नव्हती. तुम्हीच तसं सांगितलं होतं मला. “राहून गेली ग वाचायची. परीक्षा, मग इकडे येणं, मग नोकरी.” म्हणून तर आठ महिने दर बुधवारी दहा वाजता येऊन मी ती तुम्हाला सांगत होते. आणि त्या रविवारच्या अठरा दिवस आधी, तुम्हाला कळणार नाही या भरवशावर, मी तिचा शेवट बदलला.

आज पुन्हा बुधवार आहे. दहा वाजून गेलेत. निखिल ऑफिसला गेलाय. मी इथे आमच्या अपार्टमेंटच्या खिडकीत बसून लिहितेय, आणि तळ्यापलीकडे तुमच्या घराचं छप्पर दिसतंय. मराठीत एवढं सलग मी दहावीच्या परीक्षेनंतर लिहिलेलं नाही. चुका होतील. तुम्ही हसाल, पण थांबवणार नाही, हे मला ठाऊक आहे.

तुम्हाला आपली पहिली भेट आठवत असेल. शाळेच्या हॉलमध्ये मंडळाचा गणपती होता, आणि मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर लायब्ररीचं पुस्तक घेऊन बसले होते. एच-फोरवर आलेली होते, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाला जोडलेली. नोकरी करायची परवानगी नाही, गाडी येत नाही. पुस्तक असलं की लोक येऊन प्रश्न विचारत नाहीत, हे मी शिकागोजवळच्या या शॉमबर्गला आल्याआल्या शिकले होते. तुम्ही मात्र येऊन बसलात आणि माझ्या खांद्याच्या पलीकडे बघत म्हणालात, “पुस्तक आहे ना हातात? वासावरून ओळखलं. मला काही दिसत नाही, म्हणजे मधलं दिसत नाही. तुझे कान छान दिसतायत.”

चाळीस वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावून लोकांचे आजार शोधलेत तुम्ही, आणि शेवटी नजरेच्या बरोबर मधोमध डाग पडला. माणसाकडे बघायचं तर तुम्ही मान थोडी वळवून, त्याच्या बाजूला बघायचात. लोकांना ते विचित्र वाटायचं. मला नाही वाटलं. माझ्याकडे कुणी रोखून बघितलं की माझे शब्द जातात. तुमच्यासमोर ते राहायचे.

पहिल्या बुधवारी मी त्या जाडजूड इंग्रजी कादंबरीचं पहिलं पान मोठ्याने वाचायला लागले, तर तुम्ही हात वर केलात.

“वाचू नको. एक पान मनात वाच, पुस्तक मांडीवर ठेव आणि मराठीत सांग.”

“पण मावशी, तुम्हाला तर माझ्यापेक्षा चांगलं इंग्रजी येतं.”

“येतं की. आयुष्यभर रिपोर्ट लिहिले. आता मला कुणीतरी गोष्ट सांगावी असं वाटतं, आणि ती मला मराठीतच ऐकू येते.”

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. घरी मराठी बोलायचो, पण ‘भाजी आण’ आणि ‘गॅस बंद कर’ एवढंच. मी सुरुवात केली, “एका नदीच्या काठावर एक गिरणी होती.”

“गिरणी? डबा घेऊन रांगेत उभं राहतात ती?”

“नाही, पाण्यावर चालणारी.”

“मग पाणचक्की म्हण. नाहीतर मला सारखा पिठाचा डबा दिसत राहील.”

पुढे एकदा मी म्हणाले, “मग ती खूप दुःखी झाली.” तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात. “दुःखी झाली म्हणजे काय केलं तिने? रडली? रुसली? जेवली नाही? माळ्यावर जाऊन बसली?” मी पुस्तकात पाहिलं. ती खरंच माळ्यावर जाऊन बसली होती. मला माझ्या गप्प बसण्याची तोपर्यंत थोडी शरम वाटायची; गप्प बसणंही काहीतरी करणंच असतं, असं तेव्हा पहिल्यांदा वाटलं. त्या दिवशी घरी जाताना तळ्याकाठच्या गवतातून चालताना (त्या रस्त्याला फुटपाथ नाही) मी मोठ्याने मराठी शब्द म्हणत होते आणि तिथली ती दांडगी राखाडी बदकं माझ्याकडे बघत होती. हे मी तुम्हाला सांगितलं नाही. बऱ्याच गोष्टी सांगितल्या नाहीत.

गोष्टीच्या आधी तुम्हाला लेखिका हवी होती. “बाई कोण, ते आधी सांग.” म्हणून प्रस्तावनेतलं तिचं आयुष्य मी चार बुधवार सांगितलं. खेड्यात वाढलेली मुलगी. भावावर जीव टाकणारी. मोठेपणी शहरात येऊन भाषांतरं करणारी, आणि पुढे पुरुषाचं नाव घेऊन कादंबऱ्या लिहिणारी. या नावाच्या गोष्टीवर तुम्ही खूप हसलात. तुमच्या रिपोर्टांवर नुसती आद्याक्षरं असायची, आणि दुसऱ्या हॉस्पिटलांतून उत्तरं यायची ती ‘मिस्टर’ म्हणून. “मी काही दुरुस्त करायचे नाही. मिस्टरचं निदान लोक चटकन मानत.”

मग मी सांगितलं की ती ज्याच्याबरोबर राहायची त्याची बायको हयात होती, आणि कायदा त्याला सोडत नव्हता. लग्नाशिवायच ते दोघं नवराबायकोसारखे राहिले. भावाने तिच्याशी बोलणं टाकलं, घरातल्या बाकीच्यांनाही टाकायला लावलं. वीस वर्षांहून जास्त. त्याच अबोल्याच्या काळात तिने ही बहीणभावाची कादंबरी लिहिली.

तुम्ही हसायच्या थांबलात. खिडकीकडे तोंड करून, म्हणजे खरं तर माझ्याकडे बघत, म्हणालात, “बॉबचा घटस्फोट व्हायला सात वर्षं लागली.”

भिंतीवरच्या फोटोतले बॉबकाका, तुमचे यजमान, मी दर बुधवारी पाहत होते. ते जाऊन पाच वर्षं झालीत एवढंच मला माहीत होतं. त्या दिवशी कळलं की ती सात वर्षं तुम्ही लग्नाशिवाय त्यांच्या घरात राहिलात, की तुमच्या दादांनी नागपूरहून एकच पत्र पाठवलं आणि त्यात घरी येऊ नकोस असं लिहिलं होतं. आई वारली तेव्हाही तुम्ही गेला नाहीत. शेवटी लग्न झालं तेव्हा तुम्ही दादांना फोटो पाठवलात. उत्तर आलं नाही.

लेखिकेच्या भावाचं उत्तर आलं होतं. तिचा तो साथीदार वारला, नंतर तिने दुसऱ्या माणसाशी रीतसर लग्न केलं, तेव्हा भावाने अभिनंदनाचं पत्र लिहिलं. तिने त्याला प्रेमाने उत्तर पाठवलं. त्याच वर्षी ती गेली.

यावरून आपलं भांडण झालं. माझ्या आयुष्यातलं बहुधा पहिलंच.

“मी असते तर उत्तर दिलं नसतं,” मी म्हणाले. “लग्न केलं म्हणून पत्र? म्हणजे आधीची सगळी वर्षं चूकच होती असं कबूल करायचं?”

“तू कुणाशी अबोला धरलायस कधी?”

“नाही.”

“कुणाशी भांडलीयस?”

“नाही.”

“मग तुला काय कळतंय त्यातलं. बिस्कीट खा.”

पण मी ऐकलं नाही. मी म्हणाले की तशा पत्राला काही अर्थ नाही. तुम्ही बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवलीत. मग म्हणालात, “आत काय लिहिलंय ते तू बघतेस. पाकिटावरच्या पत्त्याचं अक्षर त्याचं होतं, ते बघ की.” मी म्हणाले हा काही मुद्दा नाही झाला. तुम्ही म्हणालात, “नसेल.” पुढचे दोन-तीन बुधवार आपण पुन्हापुन्हा तिथेच येत राहिलो. तुम्ही हरला नाहीत, मीही मान्य केलं नाही. ते भांडण तसंच राहिलं.

जूनमध्ये आपण शेवटाशी आलो. तुमचे पाय सुजायला लागले होते. त्या बुधवारी तुम्ही आरामखुर्चीत पाय वर घेऊन बसला होतात आणि स्वतःच्या हृदयाबद्दल दुसऱ्या कुणाच्या रिपोर्टाबद्दल बोलावं तशा बोललात. “पंप थकलाय. औषधाने ओढतील अजून थोडं. चल, आज संपवून टाक.”

मी मनात वाचलं. पूर आला, बहीण नावेतून भावाला सोडवायला पाणचक्कीपाशी गेली, कितीतरी वर्षांनी दोघं एका नावेत बसले, आणि पाण्याने दोघांना नेलं. मी पुस्तक मांडीवर ठेवलं. तुमच्याकडे पाहिलं. ओठांचा रंग बरा नव्हता.

“नाव काठाला लागली,” मी म्हणाले.

“लागली?”

“हो. अंधारात कुणीतरी दोर टाकला.”

“मग? बोलले का एकमेकांशी?”

“बोलले.”

“काय?”

“भाऊ म्हणाला, घरी चल.”

“एवढंच?”

“एवढंच.”

तुम्ही हात पुढे केलात. मी पुस्तक दिलं. तुम्ही शेवटच्या पानांवरून बोटं फिरवली, मिटलंत, आणि म्हणालात, “छान सांगितलंस.” आठ महिन्यांत पहिल्यांदा. एरवी तुम्ही नुसतं “बरं” म्हणायचात.

आणि मग म्हणालात, “भारतात फोन करायचं कार्ड आहे ना तुझ्याकडे? नंबर लाव एक.”

कपबशांच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला होता. त्यावर जाड काळ्या मार्करने नंबर लिहिलेला होता. दर बुधवारी मी त्या कपाटातून कप काढत होते, आणि तो कुणाचा नंबर आहे हे कधी विचारलं नव्हतं. तेव्हाही विचारलं नाही. माझ्या फोन कार्डावरचे सगळे आकडे आणि मग तो नंबर दाबला, रेकॉर्ड केलेल्या बाईच्या आवाजाने किती मिनिटं शिल्लक आहेत ते सांगितलं, मग रिंग वाजायला लागली. “स्पीकरवर ठेव,” तुम्ही म्हणालात. “तिकडे नऊ वाजले असतील. जेवण झालं असेल त्याचं.”

“हॅलो,” एक म्हातारा आवाज आला. “कोण?”

“दादा, मी कुमुद बोलून राहिली.”

तुम्हाला तसं नागपुरी बोलताना मी कधीच ऐकलं नव्हतं. मंडळात नाही, माझ्याशी नाही. तुमचा आवाजसुद्धा वेगळा झाला होता, एखाद्या मुलीसारखा.

पलीकडे टीव्हीचा आवाज येत होता, तो कुणीतरी बंद केला. श्वास ऐकू येत होता.

“राँग नंबर,” तो आवाज म्हणाला, आणि फोन बंद झाला.

तुम्ही फोन मांडीवर ठेवून बसून राहिलात. मग एक वाक्य बोललात. माझ्याशी नाही, खिडकीकडे बघूनही नाही, खाली, त्या फोनकडे. काय म्हणालात ते तुम्हाला माहीत आहे. मी ऐकलं, पण ते मला तेव्हा नीट कळलंच नाही, कारण माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. मी खोटी नाव काठाला लावली, म्हणून तुम्ही हा फोन केलात. मी भावाच्या तोंडी ‘घरी चल’ घातलं आणि तुम्ही त्यावर विसंबलात.

मी कप विसळले आणि निघाले. दारात तुम्ही माझ्या कानाकडे बघत म्हणालात, “पुढच्या बुधवारी नवीन पुस्तक आण. जरा विनोदी बघ.”

पुढच्या बुधवारी मी आले नाही. सकाळी फोन करून सर्दी झालीय म्हणून सांगितलं. सर्दी झाली नव्हती. तुम्ही म्हणालात, “आलं घालून चहा घे. बुधवार काय, परत येतोच.” सोमवारी तुम्ही गेलात.

ते सहा दिवस मी कसे काढले ते मी निखिललाही सांगितलं नाही. तो विचारायचा, “काय झालंय? बोल ना,” आणि मी म्हणायचे, मावशींची आठवण येते. तेही खरंच होतं. पण मला वाटत होतं की तुमच्या शेवटच्या दिवसांत तो ‘राँग नंबर’ मी आणून ठेवला, आणि वर तोंडही दाखवलं नाही.

आणि आता विजयाकाकू म्हणत होत्या, तुम्हाला ती पाठ होती.

म्हणजे मी अंधारातून दोर टाकायला लावला तेव्हा तुम्हाला माहीत होतं की दोर नाही. “लागली?” असं तुम्ही विचारलंत, तो प्रश्न नव्हताच. आठ महिने तुम्ही पाठ असलेली गोष्ट ऐकत होतात, माझ्या मोडक्या मराठीतून, आणि शेवटाला मी काय करते ते तुम्ही पाहिलंत. मान थोडी वळवून. मग फोन केलात. तो माझ्या खोट्यावर विसंबून केला नव्हता तर. तुमचा तुम्ही केला होता. मी फ्रिजपाशी उभी होते आणि मला एकदम हलकं वाटलं, आणि त्याच क्षणी त्याहून वाईट वाटलं. कारण मग पुढच्या बुधवारी न यायला काहीच कारण उरत नव्हतं. तुम्ही मला दोष देत नव्हतात. तुम्ही विनोदी पुस्तकाची वाट बघत होतात.

तेवढ्यात तुमचा फोन वाजला.

विजयाकाकूंनी ओले हात पुसत तो घेतला. “हो, विजया बोलतेय, मीच कळवलं होतं. हो... आम्ही सगळं केलं इथे, तुम्ही काळजी करू नका.” मग त्या थांबल्या. “कुठला फोन? नाही हो, मला नाही बोलली काही.” त्यांनी फोनवर हात ठेवला आणि बाहेरच्या खोलीपर्यंत ऐकू जाईल असं विचारलं, “कुमुदचे दादा आहेत नागपूरहून. विचारतायत, मागच्या महिन्यात कुमुदने त्यांना फोन केला होता का? कुणाला माहितेय का काही?”

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कुणालाच काही माहीत नव्हतं. “नसेल केला,” कुणीतरी म्हणालं. “इतक्या वर्षांत कधी नाही केला, आता कशाला करेल?” काकूंनी हात काढला आणि त्या फोनमध्ये “नाही हो दादा” असं म्हणायच्या बेतात होत्या.

मावशी, तुम्हाला माहीत आहे, मंडळात मला कुणी नाव विचारलं तरी निखिल सांगतो. त्या घरात पंचवीसेक माणसं होती आणि मी दोन वर्षांत त्यांच्यातल्या कुणाशीच एका वाक्याच्या वर बोलले नव्हते. मी गप्प राहिले असते तर कुणालाही कधीही कळलं नसतं.

“मला माहितेय,” मी म्हणाले. आवाज फुटला नाही नीट, म्हणून पुन्हा म्हणाले. “मला माहितेय, काकू. मीच लावून दिला होता.”

प्लेट कुठे ठेवली आठवत नाही. फोन हातात आला. निखिल दारात येऊन उभा होता, तोंड उघडं ठेवून.

“कोण आपण?” तोच म्हातारा आवाज.

“मी अनघा. मावशींना गोष्टी सांगायला यायचे.”

“तो फोन... तिचाच होता ना तो?”

“हो.”

पुन्हा तोच श्वास. “मला एकदम सुचलंच नाही काही,” ते म्हणाले. “तोंडातून भलतंच गेलं. मग नंबर नव्हता माझ्याजवळ. मुलाला म्हटलं शोधून दे, तर तो म्हणे उद्या देतो, उद्या देतो...” ते थांबले. “माझं बोलणं ऐकून ती काय म्हणाली?”

काय सांगावं हे मला येत होतं. तुमच्याकडेच शिकले होते. मी म्हणू शकले असते की तुम्ही माफ केलंत, की घरी यायचं म्हणत होतात. त्यांना बरं वाटलं असतं, आणि पाठ असलेला शेवट तपासायला पलीकडे कुणी बसलेलं नव्हतं. मग मला पाकिटावरचं अक्षर आठवलं, आणि तुमचं फोनकडे बघून बोललेलं वाक्य तेव्हा पहिल्यांदा मला नीट ऐकू आलं. तुमच्या चेहऱ्यासकट.

सगळी खोली ऐकत होती. मी भिंतीकडे वळले नाही.

“मावशी म्हणाल्या, ‘दादाचा आवाज अगदी बाबांसारखा झाला,’” मी म्हणाले. “आणि हसल्या.”